रेडियमचा काटा

गेल्या महिन्यात भाचीच्या हेल्मेटला मागून चमकणारी पट्टी लावून घ्यायला म्हापशाला गेलो होतो. बाजाराच्या कडेला एक छोटं दुकान आहे. बाहेर पाटी : 'येथे रेडियम कटिंग करून मिळेल.' भाची अकरावी सायन्सला. पाटी वाचून तिने मला कोपराने ढोसलं. "मामा, ह्यात खरंच रेडियम असतं?"

दुकानदाराने ऐकलं आणि हसला. "बाय, रेडियम म्हणजे रेडियम!" त्याच्या दृष्टीने विषय संपला.

त्या पट्टीत रेडियमचा कणसुद्धा नसतो, हे वाचकांना सांगायला नको. मागून येणाऱ्या गाडीचा उजेड ती आल्या वाटेने परत पाठवते, एवढंच. स्वतःचा उजेड तिला नाही. पण आपल्याकडे अंधारात जे काही चमकेल ते 'रेडियम'. ट्रकच्या मागची लाल पट्टी रेडियम, देवघरातला हिरवट गणपती रेडियम, मुलांच्या खोलीत छताला चिकटवलेल्या चांदण्या रेडियम. हा शब्द आपल्याकडे रसायनशास्त्राच्या पुस्तकातून आला असं मला वाटत नाही. माझा आपला कयास, तो घड्याळांतून आला.

आमच्या घरात तसं एक घड्याळ आहे. आजोबांचं. १९५५ च्या सुमारास भारताने आर्थिक निर्बंध घातल्यावर गोव्यात पलीकडचा तांदूळ-कापड आटलं, पण विदेशी वस्तूंना तोटा नव्हता. युरोपातलं मद्य, चॉकलेटं, मोटारी, स्विस घड्याळं पणजीच्या दुकानांत मिळत आणि सीमेपलीकडचे लोक त्यावर डोळा ठेवून असत. त्याच काळात आजोबांनी ते मनगटी घड्याळ घेतलं. काटे आणि आकडे पिवळसर रंगाने भरलेले. बाबा सांगतात, लहानपणी रात्री वीज नसताना आजोबांच्या मनगटावरचं ते हिरवं तेज खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसे. आज ते पार विझलंय. रंग तपकिरी झालाय.

विझलं ते रेडियम नव्हे, आणि गंमत तिथेच आहे. मारी आणि पिएर क्युरी यांनी रेडियम १८९८ साली शोधलं. पुढच्या चार-पाच वर्षांत कुणाकुणाच्या लक्षात आलं की रेडियमचा क्षार चिमूटभर घेऊन झिंक सल्फाइडच्या भुकटीत मिसळला की ती भुकटी आपोआप उजळते. अमेरिकेत विल्यम हॅमर यांनी असा रंग तयार केला. ह्यात रेडियमचं काम सतत कण मारत राहायचं आणि प्रत्येक माऱ्यासरशी झिंक सल्फाइडने इवलीशी ठिणगी द्यायची. काही वर्षं मार खाऊन झिंक सल्फाइड थकतं आणि अंधार होतो. रेडियम मात्र थकत नाही. ते निम्मं व्हायला सुमारे १,६०० वर्षं लागतात. म्हणजे आजोबांच्या घड्याळातलं शंभरातले जेमतेम तीन भाग संपलं असेल. भाचीने ते उघडून बघायचा हट्ट धरला, तेव्हा मी ते तिच्या हातून काढून घेतलं. काचेच्या आत आहे तोवर ठीक. ती भुकटी श्वासातून किंवा तोंडातून पोटात गेली तर काय होतं, हे जगाला फार मोठी किंमत मोजून कळलेलं आहे.

ती किंमत मोजली मुलींनी. न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावात झाबिन फॉन सोखॉत्स्की ह्या डॉक्टरने काढलेला एक कारखाना होता, १९२१ नंतर त्याचं नाव युनायटेड स्टेट्स रेडियम कॉर्पोरेशन झालं. त्यांच्या रंगाचं नाव 'अनडार्क'. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकाला काडी न ओढता वेळ दिसावी, वैमानिकाला रात्री उंची कळावी, म्हणून घड्याळांना आणि विमानातल्या यंत्रांना हा रंग हवा होता. रंगवायला कोवळ्या मुली, काही तर पंधरा-सोळा वर्षांच्या. दिवसाला अडीचशेच्या आसपास तबकड्या. आकड्याची रेघ बारीक यावी म्हणून कुंचल्याचं टोक ओठांत धरून निमुळतं करायचं, रंगात बुडवायचं, आकडा काढायचा, पुन्हा ओठांत. तसं शिकवलंच जाई. कुणी विचारलं तर सांगत, काही होत नाही. मुली हौसेने नखांना, दातांनासुद्धा तो रंग लावत. संध्याकाळी घरी जाताना त्यांचे केस आणि कपडे काळोखात चमकत आणि गावातल्या इतर मुलींना त्यांचा हेवा वाटे. त्याच कारखान्यातले रसायनज्ञ मात्र रेडियम हाताळताना चिमटे आणि शिशाचे आडोसे वापरत.

रेडियमची रासायनिक प्रकृती कॅल्शियमसारखी. शरीराला फरक कळत नाही, ते हाडांत नेऊन बसवतं. मॉली मॅगिया नावाच्या मुलीचा आधी एक दात दुखू लागला. तो काढला, जखम भरेना. मग दुसरा दात, मग जबड्याचं हाडच सुटून येऊ लागलं. १९२२ च्या सप्टेंबरात ती गेली. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलं उपदंश! म्हणजे पोरगी जीवानिशी गेली आणि वर तिच्या चारित्र्यावर शेरा. आम्ही कारकून माणसं, एकदा कागदावर चढलेला शेरा उतरवायला काय लागतं ते आम्हाला ठाऊक. मॉलीच्या बाबतीत थडगं उघडावं लागलं. १९२७ साली तिची पेटी वर काढली आणि हाडं तपासली, तर त्यांतून किरणोत्सर्ग चालू होता.

तोवर हॅरिसन मार्टलंड ह्या डॉक्टरने १९२५ साली रोगाचं मूळ रेडियममध्येच आहे हे दाखवून दिलं होतं. ग्रेस फ्रायर नावाच्या दुसऱ्या कामगार मुलीने वकील मिळवण्यासाठी दोन वर्षं उंबरे झिजवले. शेवटी रेमंड बेरी हा तरुण वकील तयार झाला. १९२७ साली पाच जणींनी दावा लावला, त्यांतल्या दोघी मॉलीच्याच बहिणी. मागणी प्रत्येकी अडीच लाख डॉलरची. कंपनी तारखा पुढे ढकलत राहिली, कारण फिर्यादी फार दिवस जगणार नाहीत हे सगळ्यांना दिसत होतं. जून १९२८ मध्ये तडजोड झाली : प्रत्येकी १०,००० डॉलर रोख, वर्षाला ६०० डॉलर आणि औषधपाण्याचा खर्च. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो रंग बनवणारा फॉन सोखॉत्स्कीही किरणोत्सर्गाच्याच दुखण्याने गेला.

हे मी भाचीला दुकानाबाहेर उभ्याने सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग आपल्या गाडीत जे रात्री निळं दिसतं ते?"

तिच्या बाबांच्या आताच्या गाडीतले आकडे एलईडीने उजळतात. त्यात भिण्यासारखं काही नाही. पण 'गाडीत निळं दिसतं' ह्या तीन शब्दांनी मला २००४ सालची दिवाळी आठवली. लिहायला बसलो ते खरं त्यासाठी.

मोटारीच्या मीटरला उजेड द्यायची जुनी रीत साधी होती, तबकडीच्या मागे किंवा कडेला एक इवला बल्ब. झिंक सल्फाइडने मोटारीत प्रवेश केला तो वेगळ्या दाराने. क्युरी यांच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या जॉर्ज देस्त्रिओ यांना १९३६ साली पॅरिसमध्ये दिसलं की हीच भुकटी तेलात कालवून तिला उलटसुलट होणारा विद्युतदाब दिला तर रेडियमशिवायही ती उजळते. भुकटी तीच, मार देणारा हात बदलला. पुढे सिल्व्हेनिया कंपनीने ह्या तत्त्वावर कागदासारखे सपाट दिवे केले आणि १९६० सालच्या क्रायस्लर आणि इम्पिरियल गाड्यांचे मीटर त्यांनी उजळले. १९६६ च्या डॉज चार्जरमध्येही तेच. अपोलो यानातल्या संगणकाचे हिरवे आकडेही ह्याच जातीचे. मग १९९२ साली टायमेक्सने 'इंडिग्लो' घड्याळ काढलं, बटण दाबलं की अख्खी तबकडी निळी-हिरवी. ते इतकं गाजलं की अमेरिकेतली पोरं होंडा सिव्हिकच्या मीटरवर चढवायला जे चमकते पातळ पत्रे विकत आणू लागली, त्यांनाही लोक इंडिग्लोच म्हणू लागले. टायमेक्सचा त्या पत्र्यांशी काही संबंध नव्हता. आपल्या रेडियमवाल्याचाच हा अमेरिकन भाऊ म्हणायचा! २००१ साली 'द फास्ट अँड द फ्युरिअस' आला आणि ते वेड आपल्याकडेही पोचलं.

आमच्या घरी ते माझ्या आतेभावाच्या पिशवीतून आलं. मी तेव्हा पंचविशीत, तो माझ्याहून लहान. मुंबईहून त्याने मारुती ८०० साठी एक किट आणलं होतं. खोक्यात काय, तर पोस्टकार्डाएवढ्या जाडीची पांढरी तबकडी, तिच्यातून निघालेली चपटी वायर, काड्यापेटीएवढा काळा डबा आणि एक बटण. गाडी बाबांची, दुसऱ्या हाताने घेतलेली. बाबा प्राथमिक शाळेतले निवृत्त मास्तर. गाडी चालवण्याबद्दल त्यांचा एकच नियम, पन्नासाच्या वर जायचं नाही. त्यांच्या मागे हॉर्न वाजवणाऱ्यांची रांग लागे आणि आम्हाला लाज वाटे.

नरकचतुर्दशीच्या दुपारी बाबा झोपले असताना आम्ही बॅटरीची निगेटिव्ह काढली, डॅशबोर्डचे स्क्रू सोडले, मीटरच्या मागची स्पीडोमीटरची केबल हात घालून काढली आणि अख्खं मीटर बाहेर आणलं. आतली रचना बघायला मिळाली ह्याचाच मला आनंद. १९०२ साली ऑटो शुल्झे ह्या जर्मन माणसाने पेटंट घेतलेली युक्ती शंभर वर्षांनी तशीच चालू होती. चाकाबरोबर केबल फिरते, केबल चुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते, तिला चुंबक शिवत नाही, पण फिरता फिरता तिला सोबत ओढू बघतो. वाटीला केसासारखी स्प्रिंग, ती मागे ओढते. दोघांच्या ओढाताणीत वाटी जिथे थांबेल तिथे काटा.

नवी तबकडी बसवायची तर हा काटा काढावा लागतो. दोन चमचे दोन्ही बाजूंनी घालून उचकला, टक् करून निघाला. पांढरी तबकडी जुन्या काळ्या तबकडीवर चिकटवली, चपटी वायर मागे घेतली, डब्याची लाल वायर पार्किंग लाइटच्या वायरला आणि काळी बॉडीला अर्थ केली. तो डबा बारा व्होल्टचा सरळ प्रवाह घेऊन शंभराच्या घरातला उलटसुलट दाब करतो. बटण दाबलं की वारंवारता बदलते आणि हिरवा रंग निळा होतो. मी वायर धरून बसलो असताना आतेभावाने बटण दाबलं, तेव्हा तो दाब केवढा आहे ते मला बोटांनीच कळलं.

शेवटी काटा. मी तो शून्यावर धरला आणि अंगठ्याने दाबून बसवला. बरोबर शून्यावर, खाली जी टेकायची खुंटी असते तिला चिकटून. केसभर इकडेतिकडे नाही.

संध्याकाळी आतेभावाने दिवे लावले. "पळय, कशें दिसता!" अख्खी गाडी आतून निळी. डबा डासासारखा बारीक गुणगुणत होता. बाबा येऊन बघून गेले. "आजोबांचं घड्याळ असंच दिसायचं," एवढंच म्हणाले. रागावतील असं वाटलं होतं, रागावले नाहीत.

पुढचे सात-आठ महिने बाबा खूष होते. "गाडी हल्ली हलकी चालते," म्हणायचे. पणजीला लवकर पोचतो, म्हणायचे. गाडी हलली तरी काटा थोडा वेळ झोपून राही, मग एकदम उठे. केबल जुनी झाली असेल म्हणून मी सोडून दिलं. आई एक-दोनदा म्हणाली, गाडी जोरात जातेय असं वाटतं. बाबांनी तिला काटा दाखवला. पन्नास.

२००५ च्या जूनमध्ये रात्री पणजीहून येताना गिरीच्या शेतांतल्या सरळ रस्त्यावर गाय बसली होती. पावसात कोरडं म्हणून गुरं डांबरावर येऊन बसतात, हे गोव्यात कुणाला नवीन नाही. बाबांनी नेहमीच्या अंतरावरून ब्रेक मारला. नेहमीच्या अंतरात गाडी थांबली नाही. घसरत जाऊन गायीच्या वीतभर अलीकडे आडवी थांबली. आईचं कपाळ समोर आपटलं, तीन टाके पडले. बाबांना काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी किल्ली देवघराच्या खुंटीला अडकवली. "माझे पाय आता वेळेवर चालत नाहीत," म्हणाले. "नजर पण गेली असेल." त्यांचं वय तेव्हा बासष्ट. डोळे तपासून आले. चष्म्याचा नंबर तोच होता, तरी किल्लीला हात लावला नाही. लग्नकार्याला बसने जाऊ लागले.

ऑगस्टमध्ये मी गाडी घेऊन पणजीला निघालो, आतेभाऊ मोटरसायकलवर बरोबर. पर्वरीला चहाला थांबलो तेव्हा म्हणाला, "आज काय घाई? साठाच्या वर चालवत होतास." मी म्हटलं, पन्नास. तो म्हणाला, साठाच्या वर. कुणाचं मीटर खरं यावर भांडण, आणि भांडण मिटवायला महामार्गावरचे किलोमीटरचे दगड. तेव्हा तो १७ नंबरचा होता, आता ६६. काटा पन्नासावर धरला की एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत ७२ सेकंद लागायला हवेत. आतेभाऊ शेजारी घड्याळ धरून बसला. ५८ आले. पुन्हा ५८. तिसऱ्यांदा ५९. ताशी बासष्ट किलोमीटर.

मीटर उघडलं तेव्हा दोष कळला. काटा दाबताना माझ्या अंगठ्याने आतली दांडी थोडी पुढे फिरली होती. अंगठा काढल्यावर स्प्रिंगने काटा मागे ओढला, पण मागे खुंटी. त्यामुळे गाडी उभी असताना काटा बरोबर शून्यावर दिसे आणि चालू लागली की पहिले बारा किलोमीटर खुंटीवरून सुटण्यातच जात. काढण्याआधी काटा खुंटीवरून उचलून, मोकळा सोडून, तो स्वतः कुठे थांबतो त्याची खूण करून ठेवायची असते. किटबरोबरच्या कागदात ते नव्हतं, आणि असतं तरी आम्ही वाचलं असतं असं नाही. चार वेळा काटा काढला, बसवला, महामार्गावर जाऊन दगड मोजले. ६८ आले, ७५ आले, शेवटी ७२.

बाबांना सांगायला मला आणखी आठ दिवस लागले. काटा नीट झालाय, आता सांगून काय होणार, असं मी स्वतःला सांगत होतो. रोज संध्याकाळी ते व्हरांड्यात बसून रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या बघत. नवव्या दिवशी सांगून टाकलं. त्यांनी सगळं ऐकलं, कागद मागवला, ३,६०० ला ५८ ने स्वतः भागलं.

"म्हणजे माझे पाय ठीक होते," ते म्हणाले.

मी मान खाली घातली. ते उठले आणि आत जाऊन आईला म्हणाले, "ऐकलंस? पाय ठीक होते." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. माझ्याशी तर चार दिवस बोलले नाहीत. रविवारी किल्ली काढली आणि मला घड्याळ घेऊन शेजारी बसायला सांगितलं. दगड ते दगड, म्हापशापासून पर्वरीपर्यंत. प्रत्येक वेळी सेकंद मी मोठ्याने सांगायचे आणि त्यांनी नुसतं हं म्हणायचं.

ती निळी तबकडी पुढच्याच पावसाळ्यात मेली. झिंक सल्फाइडला दमट हवा मानवत नाही आणि गोव्याच्या पावसाळ्यापुढे त्या पातळ प्लास्टिकचं काय चालणार! आधी कडेने काळे डाग पडले, मग आकडे एकेक करून गेले. पत्रा जाड असल्याने मागच्या बल्बचा उजेडही वर येईना. रात्री मीटर धड दिसत नसे. मी म्हटलं, काढून जुनी काळी तबकडी लावतो. बाबा काटा पुन्हा काढू द्यायला तयार झाले नाहीत.

"पन्नास कुठे असतं ते मला ठाऊक आहे," म्हणाले. गाडी विकली तोवर तशीच चालवली.